सोमवारची गोळी

शश्या, तुला दिलेला शब्द मी परवा मोडला. सुनंदा वहिनींना गोळीचं सगळं सांगून टाकलं.

तू असतास तर आधी माझा उद्धार केला असतास, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मग दोन दिवस अबोला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या सलूनच्या पायरीवर उभा राहून, रस्त्यापलीकडच्या माझ्या मेडिकलकडे बघत ओरडला असतास, "ये की रं सुक्या, च्या गार व्हायलाय!" तुझं भांडण तिथं संपायचं. तुझं शटर खाली आलं त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले. चांगला घसा फोडून कोणीतरी ओरडावं अशी माझी करणी आहे, आणि ओरडणारा नेमका तूच नाहीस.

गडमुडशिंगीहून येऊन मी शिवाजी पेठेत दुकान टाकलं त्याला तीस वर्षं होऊन गेली. पहिल्याच दिवशी तू समोरून हाक मारलीस, "ओ पावणं! औषधं इकताय आन् तोंड असं आजारी माणसागत? या, बसा हितं." मी लाजतच खुर्चीत बसलो. तू माझी मान मागे केलीस, फेस लावलास, वस्तरा गळ्यावर टेकवलास आणि विचारलंस, "फुटबॉलात टीम कुठली?" मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पेठेत बसून, गळ्यावर वस्तरा असताना काय उत्तर द्यायचं असतं, एवढं कळत होतं. "तुमचीच की," मी म्हणालो. "मग जगलास," असं म्हणून तू कामाला लागलास. तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी मी तुझ्या खुर्चीत. तीस वर्षांत मी स्वतःची दाढी एकदाही केली नाही. माझ्या घरात दाढीचं सामानच नाही. बायको म्हणायची, संसार माझ्याशी मांडलात आणि गाल त्यांच्या हवाली केलेत.

तसं तुझ्या-माझ्यात जुळण्यासारखं काय होतं? तू तोंडाळ, मी मोजूनमापून बोलणारा. तुला रविवारी तांबडा रस्सा लागायचा, आमच्या जैनाघरी कांदा-लसूणही नाही. दिवस मावळायच्या आत जेवायला म्हणून मी दुकानातून पळायचो, तेव्हा तू खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला दाखवायचास, "ह्यो बघा, कोंबड्यांच्या आदी खुराड्यात चाललाय." मी चिडायचो. मी चिडतो म्हणून तू दुसऱ्या दिवशी परत म्हणायचास.

आणि माझे आण्णा गावाकडे अंथरुणाला खिळले तेव्हा? सोमवार हा तुझा एकच सुट्टीचा दिवस. तुझ्या वडिलांची ती चामड्याची जुनी धोकटी, त्यात वस्तरा, कात्री, तुरटी. ती खांद्याला अडकवून तू दर सोमवारी गडमुडशिंगीला जायचास. दीड वर्ष, आणि एक खाडा नाही. आण्णांना उशीला टेकवून बसवायचास, दाढी करायचास, कानावरचे केससुद्धा काढायचास आणि आरसा पुढं धरून म्हणायचास, "आण्णा, नवरदेव केलाय तुमास्नी. आता नवरी तेवढी बघाय पायजे." आण्णा बोळक्या तोंडानं खुदखुदायचे. मी त्यांचा पोटचा मुलगा, मला त्यांना असं कधी हसवता आलं नाही. एकदा धीर करून मी तुझे आभार मानायला लागलो, तर तू म्हणालास, "गप बस, न्हाईतर निम्मी मिशी उडवीन." ते आभार तसेच राहिले. आज मानतो, आता तू काही करू शकत नाहीस.

गोळीची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. तू आत आलास, एरवी यायचास तसा दणदणत नाही, चोरासारखा. उजवा हात काउंटरवर ठेवलास. तुझी बोटं थरथरत होती, आणि अंगठी काचेवर बारीक वाजत होती. आपण दोघं ते ऐकत उभे राहिलो.

"बापाचा रोग," तू म्हणालास.

तुझ्या वडिलांचं मी पाहिलं होतं. त्यांचा हात हलायला लागला तेव्हा पेठेत कोणी त्यांना काही बोललं नाही. उलट सगळे जास्तच गोड वागायला लागले. फक्त खुर्चीत कोणी बसेना. "आज घाईत हाय तात्या, उद्या येतो," असं म्हणत माणसं पुढच्या गल्लीत जायची. शेवटी शेवटी तात्या स्वतःच त्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे. तू तेव्हा शेजारच्या खुर्चीवर काम करत होतास आणि बापाकडे बघायचं टाळत होतास. हे तूच मला सांगितलं होतंस, एकदाच.

मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव. ह्याच्यावर औषध असतं."

"डॉक्टरच्या दारात निम्मी पेठ बसलेली असती. उद्या सकाळच्याला गल्लीभर हुईल, शशीचा हात हलतोय म्हणून. मग कोण देईल का गाल माझ्या हातात? तू हाईस की सुक्या."

तू हाईस की. शश्या, या एवढ्या बोलण्यानं मी फुगलो रे. तीस वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागत होतास. ती गोळी मला माहीत होती. हृदयाचे ठोके सावकाश करते, बीपीला देतात, आणि हाताच्या अशा थरथरीवरही चालते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते हेही माहीत होतं. दुसऱ्या कोणाला मी दिली नसती. दुकानातला माझा तोराच तो होता, चिठ्ठी नाही तर औषध नाही. तुझ्यासाठी मी गोळ्या पाकिटातून सोडवून साध्या कागदाच्या पुडीत बांधल्या. ती पुडी तू धोकटीतल्या तुरटीच्या डबीत ठेवायचास, कारण त्या डबीला वहिनी कधी हात लावत नव्हत्या.

आठ दिवसांनी तू मला हाक मारलीस. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "बस. तुझ्यावर बघतो," तू म्हणालास. "तू दिलीस, तर तूच मरायचं." मी हसत बसलो आणि मान मागे टाकली. वस्तरा हनुवटीखालून उतरला, गळ्याच्या घाटीवरून गेला, कानाजवळ आला. कुठं अडखळला नाही. मी डोळे उघडले तर आरशात तुझे डोळे भरलेले. तुला मी रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, टीम फायनल हरली तेव्हासुद्धा तू फक्त शिव्याच दिल्या होत्यास. फेस पुसता पुसता तू म्हणालास, "हे तुझ्या-माझ्यात. सुनंदाला बी न्हाई." मी शब्द दिला. तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होता, हे आजही मी नाकारणार नाही.

मग तुझा घसा गेला. जायचाच होता. मॅच असली की स्टेडियममध्ये नव्वद मिनिटं तू असा बोंबलायचास की रेफ्रीनं एकदा वर बघून हात जोडले होते. गेल्या हंगामात आवाज बसला तो वर आलाच नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, शशी आता गुपित सांगितल्यागत बोलतोय. आपली चेष्टा चालायची. वहिनी मात्र घाबरल्या. रोज एकच, "घसा दाखवा. आवो, दाखवा की." तू टाळत होतास. तीन महिने त्या तुझ्या मागं होत्या. शेवटी माझ्याकडे आल्या, "भाऊजी, तुमचं ऐकत्यात ते. तुम्ही तरी सांगा." मीही सांगितलं. तू गेलास. डॉक्टरांनी नळीनं आत बघितलं. स्वरयंत्राच्या पट्टीवर एक साधी गाठ, भिण्यासारखं काही नाही, अर्ध्या तासाचं काम. नंतर आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही.

"आठ दिवस पेठेला सुट्टी," मी म्हणालो.

तू खरवडल्या आवाजात म्हणालास, "नवव्या दिवशी व्याजासकट शिव्या घालतो तुला."

ऑपरेशन सोमवारी, तुझ्या सुट्टीच्या दिवशी ठरलं, धंद्याचा दिवस वाया जायला नको म्हणून. शनिवारी तपासणीला आपण तिघं गेलो. बाकावर तुझ्या शेजारीच पेठेतलं एक गिऱ्हाईक बसलं होतं, कोणाला तरी भेटायला आलेलं. एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन भराभर विचारत होते. बीपी? शुगर? दमा? कुठली गोळी रोज चालू आहे?

"काय न्हाई. ठणठणीत हाय मी," तू म्हणालास, आणि माझ्याकडे बघितलंस.

डॉक्टरांनी मनगट धरलं. "नाडी छान सावकाश आहे हो. व्यायाम करता काय?"

"तालमीत वाढलेला गडी हाय."

सगळे हसले. गिऱ्हाईक हसलं, वहिनी हसल्या, डॉक्टर हसले. नाडी सावकाश का आहे हे त्या दालनात फक्त मला माहीत होतं. आणि शश्या, मीही हसलो.

मग वहिनींनी कागदावर सही केली.

त्या वेळी मी गप्प का राहिलो, हे मी स्वतःला रोज विचारतो आणि रोज थोडं खोटं बोलतो. शब्द दिला होता म्हणून, असं म्हणतो. गिऱ्हाईक शेजारी होतं म्हणून, असं म्हणतो. डॉक्टरांना बाजूला घेऊन कानात सांगायला कोणी अडवलं होतं? तुझ्यापाशी खरं बोलतो. मला आधी माझं लायसन्स आठवलं. शब्द नंतर आठवला.

आणि सोमवारी सकाळी. तू सात वाजता माझ्या दारात. उपाशीपोटी, आंघोळ करून, कपाळाला अंबाबाईचं कुंकू. "काय खायाचं-प्यायाचं न्हाई म्हणालेत. गोळी घेऊ का नको?" तू मला विचारलंस. डॉक्टरला नाही, मला. मी म्हणालो, "घोटभर पाण्याबरोबर घे. न्हाईतर सलाईन लावताना हात हलंल आन् सगळ्यांना दिसंल." माझ्याच तांब्यातलं पाणी पिऊन तू गोळी घेतलीस. कोणाला दिसू नये याची केवढी काळजी घेतली रे आपण.

पाऊण तासानं ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. कापताना रक्त कमी यावं म्हणून गाठीजवळ अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन देतात, तसं दिलं, म्हणाले. दिल्याबरोबर बीपी भलतंच चढलं, नाडी एकदम बसली, फुप्फुसात पाणी भरलं. नळीतून गुलाबी फेस यायला लागला. ऑपरेशन तिथंच थांबवून मशीनवर ठेवलंय. मग त्यांनी वहिनींकडे बघून विचारलं, "नीट आठवून सांगा, काही औषध चालू होतं का?"

"न्हाई हो," वहिनी म्हणाल्या. "डोकं दुखलं तरी गोळी घेत न्हाईत ते."

डॉक्टरांनी माझ्याकडेही बघितलं. मी मान खाली घातली. शनिवारी बोललो असतो तर मी सावध मित्र ठरलो असतो. सोमवारी बोललो असतो तर तुला मारणारा. एवढाच हिशोब मी त्या क्षणी केला, आणि तू आत श्वासासाठी झगडत होतास.

चार दिवस. मला एकदा आत सोडलं. तोंडात नळी, गालावर चिकटपट्ट्या आणि त्यांच्या कडेनं वाढलेले पांढरे खुंट. तुझ्या तोंडावर मी कधी एका दिवसाची दाढी पाहिली नव्हती. "न्हाव्याचीच वाढली तर गिऱ्हाइकानं काय करायचं," म्हणत तू पहाटे आधी स्वतःची करायचास. तुझा उजवा हात चादरीवर होता. हातात घेतला. गोळी चार दिवस बंद होती, तरी तो जरासुद्धा हलत नव्हता. मी तिथं रडलो नाही. बाहेर आलो, बूट घालायला वाकलो आणि मग उठता येईना.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर तुझा मावसभाऊ वस्तरा घेऊन बसला होता. किती जणांच्या दहाव्याला तिथं तुला बसलेलं मी पाहिलंय, रडणाऱ्या माणसाचं डोकं एका हातानं धरून दुसऱ्या हातानं हळू वस्तरा फिरवताना. तेवढ्या वेळात मात्र तू कधी बोलायचा नाहीस. मावसभावानं मला विचारलं, "शेट, तुमची बी करू का?" मी नको म्हणालो. दुसऱ्या कोणाच्या हातात गळा द्यायचा माझा धीर होत नव्हता, आणि स्वतःची करता येत नव्हती. पेठेत बोलायला लागले, बघा, जैनाचा माणूस, पण सख्ख्या भावागत दुखवटा पाळतोय. दाढी वाढत गेली आणि माझा मान वाढत गेला. लोक दुकानात येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मी त्यांना औषधं द्यायचो, चिठ्ठी बघून.

रोज पाच वाजता मी वहिनींकडे जात होतो. त्या चहा ठेवायच्या. आम्ही तुझ्याबद्दल बोलायचो, त्या रडायच्या, मी कप खाली ठेवून उठायचो. परवा त्या रडल्या नाहीत. चहा गाळता गाळता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाऊजी, घसा बसलेला राहिला असता तर काय बिघडलं असतं? मुक्यानं का हुईना, जगले असते की. मीच मागं लागले. तीन महिनं मागं लागून मीच त्यास्नी नेऊन घातलं. आन् त्या कागदावर सही बी माझीच हाय."

तेव्हा मला कळलं, मी चाळीस दिवस काय करत होतो. माझं ओझं मी त्या बाईच्या डोक्यावर ठेवून तिच्याच हातचा चहा पीत होतो. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. तात्यांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. अंगठी काचेवर वाजत होती तेही सांगितलं.

वहिनी माझ्यासमोर बसल्या.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"डॉक्टरनं दोनदा इचारलं, तवा बी?"

"व्हय."

त्या उठल्या, आत गेल्या, धोकटी घेऊन आल्या. तुरटीची डबी उघडली. पुडीत सहा गोळ्या होत्या. त्या त्यांनी तळहातावर घेऊन एक एक करून बघितल्या, जणू कोणीतरी त्यांना तुझ्याबद्दल नवीन काहीतरी सांगत होतं. "हात हलतोय म्हणून मला सांगाय लाजले," एवढंच म्हणाल्या, आणि ते मला उद्देशून नव्हतं. शश्या, तुझ्यावर त्यांचा राग आहे. तो तुला कळवायचं काम माझ्यावर आलंय म्हणून कळवतो. हलणाऱ्या हाताचा नवरा त्यांना चालला असता.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चाळीस दिस मी मलाच खात बसलीया, आन् तुम्ही हितं बसून च्या पिताय. आता उठा. आदी त्या डॉक्टरला जाऊन सांगा. त्येला बी वाटत असंल, त्येच्या हातनं झालं म्हणून." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "आन् ती दाढी काढा. लोकं म्हणत्यात भावागत पाळतोय. मला बघवत न्हाई ती."

काल डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. मी गोळीचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "ही गोळी चालू असताना ते इंजेक्शन दिलं तर असंच होऊ शकतं. बीपी चढतं, नाडी बसते, फुप्फुसात पाणी होतं. गोळी नसतानाही क्वचित होतं. त्यामुळं तुमच्या मित्राला नेमकं कशामुळं झालं, मी छातीठोक सांगू शकत नाही." पुढे म्हणाले, "पण कळलं असतं तर मी ते इंजेक्शन दिलं नसतं."

"आणि त्याच दिवशी सांगितलं असतं तर? तुम्ही बाहेर येऊन विचारलंत तेव्हा?"

"उपचार थोडे वेगळे केले असते." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गोळी कुठून मिळाली हे नोंदवावं लागेल, म्हणाले. नोंदवा, मी म्हणालो. लायसन्सचं जे व्हायचं ते होईल. मी उठलो तेव्हा तेही उठले आणि म्हणाले, "त्या दिवसापासून ते इंजेक्शन हातात घेतलं की माझा हात थांबतो." मी आलो नसतो तर तो माणूस जन्मभर तसाच थांबत राहिला असता.

आज बुधवार. आपला वार. सकाळी दुकान उघडलं आणि विकायच्या सामानातला एक रेझर काढून मागच्या नळावरच्या छोट्या आरशासमोर उभा राहिलो. साठी जवळ आली माझी आणि फेस किती लावायचा ते मला माहीत नव्हतं. गळ्याशी आलो आणि हात थरथरायला लागला. तुझी गोळी माझ्या पाठीमागच्याच फळीवर होती, दुसऱ्या कप्प्यात. मी तिच्याकडे बघितलं. मग तशाच हातानं दाढी केली. चार ठिकाणी कापलं.

रुमाल गळ्याला धरून बाहेर आलो तर समोर तुझं शटर अर्धं वर. वहिनी आत झाडत होत्या. मी वाकून आत गेलो. तुझा वास होता रे अजून तिथं, साबणाचा आणि पावडरीचा. त्यांनी झाडू थांबवून माझं तोंड बघितलं. खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली.

"बसा."

त्रेचाळीस दिवसांनी मी तुझ्या खुर्चीत बसलो. वहिनींनी डबी उघडली. आता तिच्यात फक्त तुरटी होती. पाण्यात बुडवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी आरशात बघत गालावर लावली, मग गळ्यावर. चर्रर्र झालं, तोंडातून आवाज निघाला.

"झोंबू दे," वहिनी मागून म्हणाल्या. आणि मग, "काय म्हणालं डॉक्टर?"

मी सगळं सांगितलं. छातीठोक सांगता येणार नाही हे सांगितलं, आणि इंजेक्शन दिलं नसतं हेही सांगितलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी माफी मागितलीही नाही. आरशात त्या झाडूवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कानाखाली ऱ्हायलंय. तिथं बी लावा." मी तिथंही लावली.

तुरटी एवढी झोंबते हे मला माहीतच नव्हतं, शश्या. तीस वर्षांत तू मला एकदाही कापलं नव्हतंस.